रिस्पॉन्स स्लो आहे!

गाडीतला बोटाएवढा एक सेन्सर आणि घरातले सदुसष्ट वर्षांचे बाबा. दोघांवर आरोप एकच. मग निगडीतल्या एका गॅरेजमध्ये दोन दिवस चौकशी बसली...

तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा असतो. इंजिनाच्या आकाराचा. किल्ली फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. तो विझलाच नाही तर आपण काय करतो? पहिला आठवडा सरळ दुर्लक्ष. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या 'गाडीतलं कळणाऱ्या' मित्राला विचारणं. तिसऱ्या आठवड्यात सर्व्हिस सेंटर. तिथं टाय लावलेला एक मुलगा टॅब जोडतो, कोड वाचतो आणि एका पार्टचं नाव सांगतो. पार्ट बदला, दिवा जाईल. आपण कार्ड काढतो. विषय संपला.

आमच्या घरी मात्र विषय संपला नाही. कारण दिवा लागला तेव्हा आमच्याकडे प्रश्न पार्टचा नव्हताच. प्रश्न होता, बाबांच्या हातातली किल्ली काढून घ्यायची का?

गचके कुणाचे?

आम्ही निगडी प्राधिकरणात राहतो. बाबा भोसरीच्या एका कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. सगळी नोकरी मायक्रोमीटर आणि गेज हातात धरून झाली. घरी २०१५चं मॉडेल असलेली एक छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंडहँड घेतलेली. ती चालवणार बाबाच. आईचा गुडघा धरलेला, त्यामुळे आठवड्यातून तीनदा चिंचवडला फिजिओथेरपी. शिवाय बँक, भाजी, एखादं लग्नकार्य. दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटर, सगळं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. पण तेवढ्यावर दोघांचं 'कुणाकडे मागायला नको' हे तत्त्व उभं आहे.

फेब्रुवारीत गाडी गचके द्यायला लागली. सिग्नलवरून निघाली की दोन-तीन झटके, मग सरळ. अ‍ॅव्हरेज लिटरला सोळावरून बारावर आलं. आई म्हणाली, "अहो, हल्ली तुम्ही क्लच नीट सोडत नाही." बाबा काही बोलले नाहीत.

माझा दादा वाकडला राहतो, आयटीत आहे. दर दोन-तीन रविवारी येतो आणि वहिनीला घेऊन हीच गाडी लोणावळ्याला नेतो. त्याचा अनुभव साफ वेगळा. "मी चालवतो तेव्हा एक गचका बसत नाही. गाडी मख्खन आहे. बाबांचाच रिस्पॉन्स स्लो झालाय."

आता हा 'रिस्पॉन्स' शब्द ऑफिसातला. सर्व्हरला वापरतात, व्हेंडरला वापरतात. स्वतःच्या वडिलांना लावला की कसा वाजतो, ते ऐकल्यावरच कळतं.

त्यात बाबांचं लायसन्स ऑगस्टमध्ये संपत होतं. पंचावन्न उलटली की लायसन्स दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट. दादानं हळूच विषय काढला. "या वेळी रिन्यू नाही केलं तर? अ‍ॅपवर कॅब मिळते की." त्याचा हेतू वाईट नव्हता. काळजीच होती. पण बाबा जेवता जेवता थांबले, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "बघू."

बाबांना उत्तर द्यायला वेळ लागतो, हे मात्र खरं. चहा घेणार का विचारलं तरी ते विचार करतात. पण हे मी शाळेत होते तेव्हापासून असंच आहे.

आणि मग पिवळा दिवा लागला.

कोड काय म्हणतो?

सर्व्हिस सेंटरला बाबांबरोबर मी गेले. कोड निघाला पी ०१३३. टॅबवर नाव आलं, 'ओटू सेन्सर सर्किट स्लो रिस्पॉन्स, बँक वन सेन्सर वन'. म्हणजे धुरातला ऑक्सिजन ओळखणारा पहिला सेन्सर उशिरा उत्तर देतोय. दादाला फोनवर सांगितलं तर तो हसलाच. "घ्या! गाडीलापण तेच झालंय."

मुलानं एस्टिमेट काढलं. सेन्सर आणि लेबर मिळून नऊ हजारांच्या घरात. "यानं नाही गेलं, तर मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघू," हेही सांगून ठेवलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही, तुमचा चहा सांडेल.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "स्लो म्हणजे किती?"

"सर, सिस्टिम स्लो दाखवतेय."

"ते कळलं. किती पाहिजे आणि किती येतंय?"

मुलगा टॅबकडे बघत राहिला. बाबांनी एस्टिमेटची चार घड्यांची पुडी करून खिशात टाकली, त्याचे आभार मानले आणि बाहेर आले. "मोजल्याशिवाय रिजेक्ट करायचं नसतं," एवढंच म्हणाले.

बोटाएवढा बातमीदार

हा सेन्सर नेमका करतो काय, हे मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं. मास कॉममध्ये हे शिकवत नाहीत. पण काम आमच्याच धंद्यातलं निघालं. बातमी देणं!

एक किलो पेट्रोल व्यवस्थित जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळतं, जास्त झाली तर इंजिन अडखळतं. हे प्रमाण इंजिनाचा कॉम्प्युटर सांभाळतो. पण प्रमाण जमलं की नाही, हे त्याला कळणार कसं? म्हणून धुराच्या पाइपात हा सेन्सर बसवलेला असतो. आत झिरकोनिया नावाच्या सिरॅमिकची टोपी, तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ थर. टोपीच्या एका बाजूला गाडीचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची मोकळी हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका व्होल्टेज जास्त. याचं मूळ गणित वॉल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९मध्येच मांडून ठेवलं होतं. त्यांना पुढे रसायनशास्त्राचं १९२०चं नोबेल मिळालं. मोटारीत हा सेन्सर पहिल्यांदा आला १९७६मध्ये. बॉशनं बनवला, व्होल्वोनं बसवला.

धुरात ऑक्सिजन उरला नाही, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो. ऑक्सिजन भरपूर उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर ०.१. कॉम्प्युटर हे बघून पेट्रोल जरा कमी करतो, जरा वाढवतो, पुन्हा कमी करतो. त्यामुळे तब्येत ठणठणीत असलेल्या सेन्सरची रेघ कधी स्थिर नसतेच. सारखी वर-खाली, ईसीजीसारखी. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला चांगला सेन्सर साधारण सेकंदाचा दहावा भाग घेतो.

'स्लो रिस्पॉन्स' म्हणजे ही उडी आळसावते. सेन्सर मेलेला नसतो. तो बातमी देतो, पण शिळी. धुरात पेट्रोल जास्त झालंय हे कळेपर्यंत कॉम्प्युटर आणखी ओतून बसलेला असतो. मग अ‍ॅव्हरेज पडतं, इंजिन कधी भरकटतं आणि पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर भार येतो. धूर स्वच्छ करण्याचं काम त्याला नीट जमायचं तर हवा-पेट्रोलचं प्रमाण फार थोड्या फरकात राहावं लागतं.

आपल्याकडे हे सगळं तसं अलीकडचं. पेट्रोलमधलं शिसं हा सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांचाही शत्रू. ते देशभरातून गेलं २०००साली. भारत स्टेज ४ आधी ज्या तेरा शहरांत आलं, त्यांत पुणे होतं, एप्रिल २०१०मध्ये. गाडीनं स्वतःच्या धुराची यंत्रणा स्वतः तपासायची आणि बिघाडाचा कोड साठवून ठेवायचा, हा कडक नियम आला २०१३पासून. त्याआधी बाबांच्या चेतकच्या काळात सगळं कानावर चालायचं. आकुर्डीत बनलेली स्कूटर, आकुर्डीच्याच मेकॅनिकसमोर. तो कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवायचा, कान द्यायचा आणि म्हणायचा, "न्या."

'कोण' नको, 'कधी' सांगा

निगडीचं ट्रान्सपोर्टनगर तुम्ही हायवेवरून जाताना पाहिलं असेल. ट्रकच्या रांगा, टायरवाले, वेल्डिंगच्या ठिणग्या, कटिंग चहा. तिथून जवळच एका गल्लीत एक छोटं गॅरेज आहे. दोन गाड्या मावतील एवढं. चालवणाऱ्याला सगळे 'भाऊ' म्हणतात. वय चाळिशीचं, आयटीआय झालेले, आधी चाकणमध्ये नोकरी, मग स्वतःचं काम. भिंतीवर देवाचा फोटो, खाली स्कॅनर चार्जिंगला.

बाबांनी एस्टिमेटची पुडी समोर उलगडली. भाऊंनी ती वाचली आणि विचारलं, "गचके कधी बसतात?"

मी पटकन म्हणाले, "बाबा चालवतात तेव्हा. दादा चालवतो तेव्हा नाही."

"ताई, कोण चालवतं ते नको. किती स्पीडला, कुठल्या गिअरला, गाडी गार असताना की गरम, ते सांगा."

फेब्रुवारीपासून हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. बाबांनी मात्र उत्तर तयार ठेवलं होतं. खिशातल्या छोट्या डायरीत, तारखेसकट. पहिली दहा मिनिटं जास्त. दुसरा गिअर, वीस-पंचवीसचा स्पीड. हायवेला लागलं की बंद. आणखी एक नोंद होती. 'सकाळी सुरू केल्यावर टिकटिक आवाज, पाच मिनिटांनी जातो.' हे त्यांनी दादाला दोनदा सांगितलं होतं. दादाचं म्हणणं, बाबांच्या कानातच काहीतरी वाजत असणार.

भाऊंनी डायरी दोनदा वाचली. मग स्कॅनर जोडला.

पहिली गोष्ट, त्यांनी कोड पुसला नाही. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं, याचा एक फोटोच कॉम्प्युटर साठवून ठेवतो. कोड पुसला की तोही जातो. "चोरीचा पंचनामा आधी, झाडू नंतर," भाऊ म्हणाले.

दुसरी गोष्ट, सेन्सरची रेघ. इंजिन गरम झाल्यावर साध्या रेसला रेघ खाली रेंगाळत होती, मधूनच एखादी आळशी टेकडी. आरपीएम २५००वर नेलं, तर तीच रेघ टकाटक वर-खाली! तोच सेन्सर, तीच गाडी. म्हणजे दादाही खरं बोलत होता आणि बाबाही. दोघं फक्त वेगवेगळ्या आरपीएमवर राहत होते.

आता संशयित कोण कोण? भाऊंनी बोटांवर मोजले. एक, सेन्सर खरंच म्हातारा झालाय. दोन, त्याचा हीटर गेलाय. हा सेन्सर तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून पोटात हीटर असतो. तो गेला तर कमी रेसला सेन्सर गारठून आळशी होतो. तीन, वायर किंवा कनेक्टर. चार, कुठूनतरी चोरून हवा शिरतेय.

हीटर मल्टिमीटरनं मोजला. ठीक. त्याला बॅटरीचा पुरवठा येतो का? येतो. वायर हलवून, वाकवून पाहिली. रेघ हलली नाही. मग भाऊंनी इंजिनात हवा शिरते तिथं कार्ब्युरेटर क्लीनरचा छोटासा फवारा मारला. तोही जळणारा असतो, म्हणजे मुद्दाम 'पेट्रोल जास्त' केलं. सेन्सर क्षणात ०.९वर! मग एक व्हॅक्यूमची नळी काढली, म्हणजे मुद्दाम 'हवा जास्त' केली. सेन्सर क्षणात ०.१वर! स्क्रीनवर बोट ठेवून भाऊ म्हणाले, "बघा काका. विचारलं की लगेच सांगतोय. हा झोपलेला नाही."

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला वर्णन करता येणार नाही.

दोघांतला एक खोटं बोलतोय

पण मग कमी रेसला आळस का? भाऊंनी स्कॅनरवर अजून एक आकडा दाखवला, फ्युएल ट्रिम. म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय. साध्या रेसला १९ टक्के जास्त. २५००वर फक्त ४.

असा आकडा दिसला की पहिला संशय इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या पाइपांवर जातो. तिथे फट असेल तर जास्तीची हवा आत येते, सेन्सर 'पेट्रोल कमी' म्हणतो आणि कॉम्प्युटर ते वाढवतो. भाऊंनी सगळ्या नळ्यांवर फवारा मारून पाहिला. इंजिनाचा आवाज बदलला नाही. तिथे फट नव्हती. मग त्यांनी स्पार्क प्लग काढले. काळे, कोरडी काजळी धरलेले.

इथे खरी गंमत आहे, जरा नीट वाचा. काजळी म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त जळतंय. सेन्सर म्हणतोय पेट्रोल कमी आहे. "दोघांतला एक खोटं बोलतोय," भाऊ म्हणाले. "प्लगला खोटं बोलता येत नाही."

मग सेन्सर? "तोही खोटं नाही बोलत. त्याला जे दिसतंय ते सांगतोय. पण त्याला दिसतेय बाहेरची हवा." धूर इंजिनातून एकसारखा बाहेर पडत नाही, धक्क्याधक्क्यांनी पडतो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर ओढ तयार होते. सेन्सरच्या आधी कुठे बारीक फट असेल, तर त्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं, अरे, ऑक्सिजन भरपूर! कॉम्प्युटर पेट्रोल ओततो. रेस वाढली की धूर इतका जोरात येतो की त्या हवेचा प्रभाव उरत नाही. म्हणून लोणावळ्याला गाडी मख्खन.

फट शोधायला गाडी रात्रभर तिथेच ठेवली, कारण हे काम गार इंजिनावर करायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप उलट्या बाजूला लावला, म्हणजे तो हवा ओढायच्याऐवजी फुंकायला लागला, आणि चिंधी गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात बसवला. मग गाडीखाली सरकून एकेका जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो ना, तीच आयडिया. पहिला जोड कोरडाठाक. दुसरा कोरडाठाक. इंजिनाजवळच्या जोडावर, सेन्सरच्या वीतभर आधी, छोटे छोटे फुगे यायला लागले.

गॅस्केट एका बाजूनं जळालं होतं आणि एक बोल्ट तुटला होता. गार असताना फट मोठी, म्हणून टिकटिक. लोखंड तापून फुगलं की फट आवळते आणि आवाज जातो. बाबांच्या कानात काही वाजत नव्हतं.

नवीन गॅस्केट, बोल्ट, प्लग साफ करून परत, आणि मजुरी. बिल झालं १,४५० रुपये. सेन्सर जुनाच. तीन आठवड्यांनी अ‍ॅव्हरेज साडेपंधरा, गचके शून्य. भाऊंनी पुन्हा रेघ दाखवली, साध्या रेसलाही टकाटक. "पण हे लिहून ठेवा," त्यांनी मला बजावलं, "दर वेळी फट निघत नाही. कधी कधी सेन्सर खरंच गेलेला असतो. कुणी ऑइल गळतं म्हणून भलतंच सिलिकॉन फासतं, त्याचा थर सेन्सरवर बसतो. इंजिन ऑइल खात असेल, तरी बसतो. मग बदलायलाच पाहिजे. मी पण बदलतो. फक्त मोजून बदलतो."

आणि बाबांचं रीडिंग?

गाडी निर्दोष सुटली... सॉरी, गाडीच दोषी ठरली. सिनेमा असता तर इथे संपला असता. बाबांनी तो संपू दिला नाही. पुढच्या रविवारी दादा आला, तेव्हा ते माझी शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी घेऊन बसले होते. "गाडी मोजली, आता मला मोजा."

ही टेस्ट तुम्हीही करून बघा. एकानं पट्टी उभी धरायची, शून्य खाली. दुसऱ्यानं शून्यापाशी चिमूट उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्यानं पकडायची. जितके सेंटिमीटर पट्टी निसटली, तितका उशीर. शाळेतल्या गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रानं त्याचे सेकंद काढता येतात. दहा-दहा वेळा केलं. दादाची सरासरी १९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ०.२० सेकंद. बाबांची २४, म्हणजे ०.२२.

फरक सेकंदाच्या दोन शतांशांचा. ताशी ४० किलोमीटरच्या स्पीडला गाडी तेवढ्या वेळात किती पुढे जाते? बाबांनी कागदावर गुणाकार केला आणि हाताची वीत पसरून दाखवली. "एवढी."

दादा त्या वितीकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "पण बाबा, पट्टी पकडणं वेगळं आणि रस्ता वेगळा." बरोबरच होतं त्याचं. रस्त्यावर आधी दिसावं लागतं, मग कळावं लागतं, मग ठरवावं लागतं, मग पाय हलतो. आपल्याकडे रस्त्यांची आखणी करताना या सगळ्याला अडीच सेकंद धरतात. त्यातला पट्टीचा भाग फारच थोडा.

"म्हणजे दिसण्यापासून मोजायला पाहिजे," बाबा म्हणाले. आणि सोमवारी स्वतःच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात निघाली. दिवसाची नजर चष्म्यासह ठीक. रात्री समोरून हेडलाइट आला की मात्र प्रकाश फाकतो, आणि दिसायला वेळ लागतो. तर उशीर होता. पण तो पायात नव्हता, क्लचमध्ये नव्हता, 'वय झालं' या चार अक्षरी निकालातही नव्हता. तो डाव्या डोळ्यात होता, आणि फक्त अंधार पडल्यावर होता.

दादा डॉक्टरांकडच्या पुढच्या दोन्ही खेपांना सोबत गेला. रात्रीची लग्नं आणि रिसेप्शनं आता त्याच्याकडे. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची सही झाली, लायसन्स पाच वर्षांसाठी रिन्यू झालं. आईची फिजिओथेरपी पूर्वीसारखीच, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी दहाला. ऑपरेशनची तारीख बाबा 'बघू' म्हणून विचार करतायत. म्हणजे करतील.

परवा पीयूसीचा कागद शोधताना डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत बाबांनी कारखान्यातल्या इन्स्पेक्शन टॅगसारखा एक पुठ्ठ्याचा तुकडा ठेवलाय, रेषा मारून, सुवाच्य अक्षरात:

गॅस्केट – बदलले.
ऑक्सिजन सेन्सर – ओके.
चालक – दिवसा ओके. सूर्यास्तानंतर होल्ड.
तपासणारा – सही.

चौकट: पिवळा दिवा लागलाच तर...

● दिवा सलग लागलाय की उघडझाप करतोय, ते आधी बघा. उघडझाप म्हणजे बहुधा इंजिन मिसफायर होतंय. अशा वेळी गाडी पळवू नका. कन्व्हर्टर जळू शकतो.

● कोड नुसता ऐकू नका, लिहून घ्या. पी ०१३३ हा पुढच्या सेन्सरचा, पी ०१३९ हा कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरचा. कोड लक्षण सांगतो, कारण नाही.

● गॅरेजवाल्याला चार गोष्टी सांगा: गाडी गार की गरम, स्पीड, गिअर, आणि कधीपासून. 'कोण चालवतं' हे पाचवं.

● पार्ट बदला म्हणाले, तर विचारा: हीटर मोजला का? सेन्सरच्या आधी धुराची गळती तपासली का? पेट्रोल वाढवून-घटवून सेन्सर किती पटकन हलतो ते पाहिलं का?

● कोड स्वतः पुसून गॅरेजमध्ये जाऊ नका. पंचनामा आधी, झाडू नंतर!